नोटांचा पूर, उसना पैसा आणि पाव टक्का: दोन युद्धांमधला जर्मनी

प्रश्न असा आहे: १९२३ मध्ये ज्या देशात एका पावाला टोपलीभर नोटा लागत होत्या, तो देश वर्ष-दीड वर्षात सावरला कसा? सावरला होता तर मग दहा वर्षांत हिटलर कसा आला? आणि पुढे 'हिटलरने अर्थव्यवस्था उभी केली' असं म्हणतात, ते कितपत खरं? प्रश्नकर्त्याने सोबत लिहिलंय, 'भरमसाट नोटा छापल्या म्हणून हिटलर आला, असं आम्ही शिकलो.'

हे शेवटचं वाक्य आधी खोडतो. नोटांचा पूर ओसरला नोव्हेंबर १९२३ मध्ये. त्यानंतर मे १९२४ च्या निवडणुकीत नाझी आणि त्यांच्या साथीदारांच्या यादीला साडेसहा टक्के मतं पडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती तीन टक्क्यांवर आली आणि १९२८ मध्ये २.६ टक्क्यांवर. संसदेत फक्त १२ जागा. म्हणजे महागाईचे चटके ताजे असताना हा पक्ष वाढायच्या ऐवजी आक्रसत गेला. तो फुगला सप्टेंबर १९३० मध्ये (१८.३ टक्के, १०७ जागा) आणि जुलै १९३२ मध्ये (३७ टक्क्यांच्या वर, २३० जागा). त्या काळात जर्मनीत भाव चढत नव्हते, कोसळत होते.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्ज आणि विदेशी विनिमय विभागात. त्यामुळे हा इतिहास मी खातेवहीच्या बाजूने वाचतो. इतिहासाच्या प्राध्यापकाला तो थोडा वेगळा दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात १९१४ पासून करावी लागते. तेव्हा एका डॉलरला ४.२० मार्क पडत. जर्मन सरकारने महायुद्ध मुख्यतः कर्जरोखे विकून लढवलं; लोकांवर पुरेसा कर बसवलाच नाही. हिशेब असा, की जिंकलो तर हरलेल्यांकडून वसूल करू. हाच हिशेब पलीकडे फ्रान्सनेही केला होता. हरल्यावर जर्मनीच्या डोक्यावर घरचं युद्धकर्ज राहिलं आणि वर १९२१ मध्ये जेत्यांना द्यायची १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची (सोन्याच्या भावाने मोजलेल्या मार्कांची) भरपाई आली. या आकड्याने अनेकांचे डोळे फिरतात. त्यातले ८२ अब्ज मात्र 'क' वर्गाच्या रोख्यांत होते आणि ते कधी वसूल होणार नाहीत हे रोखे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. घरच्या मतदारांना दाखवायला मोठा आकडा, खरी मागणी ५० अब्जांची. ती हलकी होती असं मी म्हणत नाही.

खरी अडचण अशी, की हा पैसा कराने गोळा करायचा तर सरकार भक्कम हवं. नव्या प्रजासत्ताकाला जन्मापासून स्वास्थ्य नव्हतं. जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये डाव्यांचा उठाव झाला आणि रोझा लक्झेम्बुर्ग व कार्ल लिबक्नेख्ट यांचे खून पडले. मार्च १९२० मध्ये उजव्या सैनिकांनी राजधानी ताब्यात घेतली, ती कामगारांनी देशभर संप करून सोडवली. युद्धबंदीवर सही करणारे एर्झबेर्गर १९२१ मध्ये मारले गेले, परराष्ट्रमंत्री राथेनाऊ जून १९२२ मध्ये. अशा देशात अर्थमंत्र्याला कर वाढवण्यापेक्षा छापखान्याकडे वळणं सोपं वाटलं, यात नवल नाही. राथेनाऊंच्या खुनानंतर परदेशी सावकारांचा धीर सुटला. जुलै १९२२ मध्ये डॉलर पाचशे मार्कांच्या आसपास होता, जानेवारी १९२३ मध्ये अठरा हजारांजवळ गेला.

त्याच महिन्यात, लाकूड आणि कोळसा ठरल्याप्रमाणे पोहोचला नाही म्हणून, फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रुऱ्हच्या खाणपट्ट्यात घुसल्या. सरकारने तिथल्या कामगारांना सांगितलं, काम बंद ठेवा, पगार आम्ही देतो. देशाचा कोळसा बंद, कर बंद आणि लाखोंचे पगार नुसत्या छापलेल्या कागदावर. सरकारी छापखाना पुरेना म्हणून शंभरावर खासगी छापखाने कामाला लावले. २० नोव्हेंबरपासून एक डॉलर म्हणजे ४ लाख २० हजार कोटी मार्क.

माझ्या टेबलाच्या खणात त्या काळातली एक नोट आहे, पुण्यातल्या एका नाणे-प्रदर्शनात घेतलेली. मूळची हजार मार्कांची, तपकिरी, तारीख १५ डिसेंबर १९२२. तिच्यावरून लाल शाईत ठसा मारलाय: 'एक अब्ज मार्क'. नवी नोट काढायला वेळ नव्हता, म्हणून जुन्याच कागदावर शिक्का मारून किंमत दहा लाख पट केली. नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यांना मी ती दाखवायचो आणि विचारायचो, या कागदात काय बदललं? शाई. बाकी काही नाही.

आता सावरण्याकडे. ऑगस्ट १९२३ मध्ये गुस्ताव श्ट्रेझमान चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान, झाले आणि २६ सप्टेंबरला त्यांनी रुऱ्हमधला असहकार मागे घेतला. फ्रान्सपुढे गुडघे टेकले, म्हणून उजव्यांनी त्यांना शिव्या घातल्या. नोव्हेंबरच्या ८-९ तारखेला म्युनिकमध्ये हिटलरचा फसलेला उठाव झाला तो याच वातावरणात. एका आठवड्याने, १५ नोव्हेंबरला, रेंटेनमार्क हे नवं चलन बाजारात आलं. एका रेंटेनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क.

यामागची युक्ती सगळे सांगतात: नव्या चलनाला देशातल्या शेतजमिनीचं आणि कारखान्यांचं तारण होतं. कागदावर ते खरं आहे. पण बँकेच्या माणसाला विचाराल, तर या तारणात फारसा जीव नव्हता. नोट घेऊन कोणी गेला तर त्याला शेताचा बांध थोडाच कापून मिळणार होता? फार तर व्याजाचा रोखा मिळे. तारण होतं ते लोकांच्या मनाला टेकू म्हणून, आणि टेकू म्हणून त्याची किंमत कमी लेखू नये. खरं काम दोन कलमांनी केलं. एक, रेंटेनमार्क किती काढायचे याला कायद्याने मर्यादा घातली. दुसरं, राइश्सबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, त्याच दिवसापासून सरकारच्या हुंड्या वटवणं बंद केलं. आजवर सरकार एक चिठ्ठी लिहून पाठवी आणि बँक तिच्यावर नोटा देई. ती खिडकीच बंद झाली.

खिडकी बंद ठेवायला माणूस लागतो. तो होता ह्याल्मार शाख्ट, नवा चलन आयुक्त. अर्थखात्यात त्याला दिलेली खोली म्हणजे झाडू-बादल्या ठेवायची अंधारी कोठी होती. त्याची सेक्रेटरी पुढे सांगायची, की साहेब दिवसभर सिगार ओढत, फोनवर बोलत बसायचे, जवळजवळ काही लिहायचेच नाहीत. मला यात आश्चर्य वाटत नाही. त्या दिवसांत त्याचं बरंचसं काम 'नाही' म्हणण्याचं होतं आणि ते फोनवर होतं. नगरपालिका आणि कंपन्या आपापल्या खासगी नोटा काढत होत्या, त्या स्वीकारायला त्याने नकार दिला. कोलोनच्या काळ्या बाजारात सट्टेवाल्यांनी डॉलर सरकारी भावाच्या दुपटीच्या वर नेला होता. मुदतीचे सौदे पुरे करायची वेळ आली, तेव्हा त्यांना बँकेकडून मार्क मिळेनात. डॉलर तोट्यात विकावे लागले आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भाव जागेवर आला. एप्रिल १९२४ मध्ये मार्क पुन्हा डगमगल्यावर शाख्टने कर्जवाटपच जवळजवळ गोठवलं. उसन्या पैशावर कारखाने गोळा करणारे धडाधड पडले. महागाईचा राजा म्हणवणाऱ्या ह्यूगो श्टिनेसचं साम्राज्य त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरच टिकलं. लाखो सरकारी नोकर घरी बसले. सावरणं म्हणतात ते असं दिसत होतं.

याची किंमत कुणी मोजली? सरकारचं युद्धकर्ज १५४ अब्ज मार्क होतं. नोव्हेंबर १९२३ च्या दराने ते साडेपंधरा फेनिगही (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग) भरत नव्हतं. म्हणजे ते फिटलं. पण प्रत्येक कर्जाच्या पलीकडच्या पानावर कुणाची तरी ठेव असते. शिक्षक, वकिलाची विधवा, पेन्शनीतला पोस्टमास्तर, ज्यांनी देशासाठी रोखे घेतले होते, त्यांचा आयुष्यभराचा पैसा त्या साडेपंधरा फेनिगांत गेला. १९२५ च्या कायद्याने खासगी गहाणखतांची किंमत मूळच्या २५ टक्के धरली, सरकारी रोख्यांची जेमतेम अडीच टक्के. न्यायाला धरून पाहिलं तर हे पुसटसंच. ज्यांनी घरं गहाण टाकून कर्ज घेतलं होतं ते मात्र तरले.

या तरलेल्या घरमालकांवर सरकारने १९२४ मध्ये खास कर लावला. महागाईने तुमचं गहाण फेडलं, आता त्यातला वाटा द्या. त्या पैशावर शहरांनी वस्त्या बांधल्या. फ्रांकफुर्टमध्ये एर्न्स्ट माय या वास्तुविशारदाने हजारो घरं उभी केली आणि त्यांत मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की हिने आखलेलं स्वयंपाकघर बसवलं. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं. तांदूळ, साखर यांसाठी ॲल्युमिनियमचे ओतणीचे खण, खिडकीखाली ओटा, बसून भाजी चिरता यावी म्हणून फिरतं स्टूल. मुंबईतल्या आपल्या वन-रूम-किचनवाल्यांना त्याचं अप्रूप कळेल. प्रजासत्ताकाच्या चांगल्या दिवसांची एकच खूण दाखवायची तर मी ही खोली दाखवीन.

पण बुडालेला ठेवीदार हे स्वयंपाकघर बघून खूश झाला नाही. त्याने मधल्या उदारमतवादी पक्षांना सोडलं आणि घरमालकांच्या, दुकानदारांच्या, ठेवीदारांच्या छोट्या पक्षांकडे गेला. १९२८ मध्ये अशाच एका पक्षाला २३ जागा मिळाल्या, नाझींच्या जवळजवळ दुप्पट. महागाईने हिटलरला मत दिलं नाही, तिने मधली भिंत पोकळ केली. हा माणूस आधीच घर सोडून रस्त्यावर आला होता. पुढच्या वादळात तो कुठे जाणार, एवढंच ठरायचं होतं.

दुसरी पोकळी पैशाच्या मुदतीत होती. १९२४ च्या डॉज योजनेने भरपाईचे हप्ते सोपे केले: पहिल्या वर्षी एक अब्ज, पाचव्या वर्षी अडीच अब्ज. सोबत ८० कोटी सुवर्ण मार्कांचं कर्ज मिळालं, त्यातला मोठा भाग न्यूयॉर्कच्या बाजारात उभा राहिला. मग अमेरिकन पैशाची रांग लागली, कारण जर्मनीत व्याज दणदणीत होतं. अमेरिका जर्मनीला देई, जर्मनी फ्रान्स-ब्रिटनला भरपाई देई, ते अमेरिकेचं युद्धकर्ज फेडत. एकाच पैशाची प्रदक्षिणा. १९२७-२८ पर्यंत उत्पादन युद्धापूर्वीच्या पातळीला आलं, बेकारी विमा सुरू झाला, पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांशी सरहद्दींबाबत लोकार्नोचा करार झाला, जर्मनीला राष्ट्रसंघात जागा मिळाली. हे यश खोटं नव्हतं.

मात्र १९३० च्या सुमारास बाहेरचं देणं २५ अब्जांच्या घरात होतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त अल्पमुदतीचं. तीन महिन्यांनी फेडायचा पैसा वीस वर्षांनी उत्पन्न देणाऱ्या कामांत घातलेला. आमच्या शाखेत एकदा एका कारखानदाराने खेळत्या भांडवलाच्या कर्जातून शेड बांधली होती. धंदा चांगला, माणूस प्रामाणिक, मालाला मागणी. नूतनीकरण दोन महिने लांबलं आणि तो मजुरांचे पगार देऊ शकला नाही. जर्मनीचं तेच झालं, फक्त शेडच्या जागी अख्खं राष्ट्र होतं. श्ट्रेझमान हे उघड बोलत होते, की हा अल्पमुदतीचा पैसा मागे गेला तर आमचं बरंचसं कोसळेल. ते ३ ऑक्टोबर १९२९ ला वारले. वॉल स्ट्रीट कोसळलं त्याच महिन्याच्या अखेरीस.

पैसा त्याआधीच आटायला लागला होता. १९२८ पासून अमेरिकन पैसा घरच्या शेअरबाजाराकडे वळला. धान्याचे भाव पडले, श्लेस्विग-होल्श्टाइनचे शेतकरी काळे झेंडे घेऊन जप्त्या अडवू लागले. १९२९ च्या हिवाळ्यातच बेकार ३० लाखांच्या आसपास होते.

मार्च १९३० मध्ये चॅन्सेलर म्युलर यांचं आघाडी सरकार पडलं. कशावरून? बेकारी विम्याचा हप्ता साडेतीन टक्क्यांवरून किती वाढवायचा यावरून. तडजोड पाव टक्क्यावर आली होती, तीही म्युलर यांच्याच, कामगारांच्या पक्षाने नाकारली. मला या पाव टक्क्याचा अजून राग येतो. कारण प्रजासत्ताकातलं ते बहुमतावर उभं असलेलं शेवटचं सरकार. पुढचे चॅन्सेलर ब्र्युनिंग यांनी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या सहीने, घटनेच्या ४८ व्या कलमाखाली, वटहुकमांवर कारभार केला. संसदेने एक वटहुकूम फेटाळला तर त्यांनी संसदच बरखास्त केली आणि नाझींना १०७ जागांचं दार उघडून दिलं.

ब्र्युनिंग यांनी खर्च कापला, पगार कापले, कर वाढवले. मंदीत असं का? एक तर भरपाईच्या कराराने मार्कचं सोन्याशी नातं बांधलं होतं. भरपाई झेपत नाही हे जगाला दाखवायचा डावही त्यात होता. आणि दुधाने तोंड पोळलेल्या देशाला ताकही फुंकून प्यायचं होतं. नोटा वाढवा म्हणणारा प्रत्येक जण लोकांना १९२३ ची आठवण द्यायचा. १९२३ ने हिटलर आणला म्हणायचंच असेल तर एवढ्याच वळणाने म्हणता येईल: त्या भीतीपोटी १९३१ मध्ये उलट टोकाचं औषध दिलं गेलं.

मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआनश्टाल्ट बँक डळमळली. जर्मनीत नोर्डवोले या लोकर कंपनीने लपवलेला कोट्यवधींचा तोटा बाहेर आला आणि तिला भरमसाट कर्ज दिलेली डानाट बँक १३ जुलैला दार लावून बसली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बँकांना सक्तीची सुट्टी. ८ डिसेंबरच्या वटहुकमाने पगार जानेवारी १९२७ च्या पातळीवर ओढले. फेब्रुवारी १९३२ मध्ये नोंदलेले बेकार ६१ लाख होते.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. बेकार झालेला कारखान्यातला कामगार नाझींपेक्षा कम्युनिस्टांकडे अधिक गेला. नाझींची ताकद प्रॉटेस्टंट खेड्यांत, छोट्या दुकानदारांत, अजून नोकरी असलेल्या पण उद्या ती जाईल अशा धास्तीतल्या लोकांत होती. म्हणजे ज्यांची ठेव १९२३ मध्ये एकदा बुडाली होती, त्यांच्यात.

आणि तरीही त्यांचं येणं अटळ नव्हतं. जुलै १९३२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या परिषदेत भरपाई जवळपास रद्द झाली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत नाझींची वीस लाख मतं घटली, ते ३३ टक्क्यांवर आले. मंदीचा तळ गाठून झाल्याच्या खुणाही दिसत होत्या. अशा वेळी माजी चॅन्सेलर पापेन आणि हिंडेनबुर्ग यांच्या भोवतीच्या मूठभर मंडळींनी, याला आपण खिशात ठेवू अशा समजुतीत, ३० जानेवारी १९३३ ला हिटलरच्या हाती चॅन्सेलरपद दिलं. मतांचा आलेख उतरत असताना बंद दाराआड झालेला सौदा होता तो.

राहिला तिसरा प्रश्न. हिटलरच्या नावावर जमा असलेल्या मोटाररस्त्यांपैकी कोलोन-बॉन रस्ता ऑगस्ट १९३२ मध्येच सुरू झाला होता. उद्घाटन केलं कोलोनचे महापौर आडेनाउअर यांनी. रोजगारासाठी ५० कोटींची योजना आधीच्या श्लायखर सरकारने मंजूर करून ठेवली होती. बेकारांच्या यादीतून ज्यू आणि बऱ्याच विवाहित स्त्रिया गळाल्या, तरुण श्रमसेवेत आणि १९३५ पासून सक्तीच्या लष्करात गेले. तरीही कामं वाढली हे खरं, आणि ती मोठ्या प्रमाणात शस्त्रांच्या कारखान्यांत वाढली.

त्यासाठी पैसा आणला पुन्हा शाख्टनेच. १९३३ मध्ये तो राइश्सबँकेवर परतला होता. मेफो नावाची एक कंपनी काढली, भांडवल अवघं दहा लाख मार्क. शस्त्रं बनवणारा तिच्यावर हुंडी काढी, राइश्सबँक ती वटवण्याची हमी देई, मुदत तीन महिन्यांची पण पाच वर्षांपर्यंत वाढवता येणारी. सरकारच्या जमाखर्चात याची नोंद नाही. अशा १२ अब्जांच्या हुंड्या निघाल्या. १९२३ मध्ये बंद केलेली खिडकी त्याच माणसाने मागच्या दाराने उघडली, फक्त पाटी बदलून. आमच्याकडे कुणी असा प्रस्ताव आणला असता तर फाइल दक्षता विभागाकडे गेली असती.

मुदती संपत आल्या तेव्हा शाख्टला घाम फुटला. ७ जानेवारी १९३९ ला त्याने आणि बँकेच्या संचालकांनी हिटलरला लिहून दिलं, की हा बेलगाम खर्च थांबला नाही तर चलन बुडेल. २० जानेवारीला शाख्टची नोकरी गेली. जूनमध्ये नवा कायदा आला: राइश्सबँकेने सरकारला किती पैसा द्यायचा, हे यापुढे फ्युरर, म्हणजे हिटलर, ठरवील.